बहिणीला न विचारायचे प्रश्न

१ मार्च १९६५, एनेरिक बेट

जहाज आलं. दरवर्षी येतं तसंच आलं. आधी धूर, मग पोरांचा आरडाओरडा, मग चर्चची घंटा. फरक एवढाच की ह्या वर्षी दुभाष्या मी आहे. जुना दुभाष्या लाबोन लेकीकडे राहायला मोठ्या बेटावर, माजुरोला गेला, आणि बेटावर इंग्रजी येणारा दुसरा आहे कोण? अमेरिकन तळावरच्या भोजनगृहात मी पाच-सहा वर्षं काढली आहेत. ताटं धुताना जी भाषा कानावर पडते ती शाळेत शिकवत नाहीत, पण डॉक्टरांचं काम भागतं.

ही डायरी डॉक्टर हॅलवर्सननी दिली. दुभाष्याने रोज थोडं लिहावं, इंग्रजी सुधारतं, म्हणाले. मी आपल्या भाषेत लिहिणार आहे. माझं इंग्रजी सुधारलेलंच आहे.

आज एक मार्च. अकरा वर्षांपूर्वी ह्याच दिवशी अमेरिकेने चाचणीसाठी फोडलेल्या बॉम्बची राख आमच्यावर पडली होती. डॉक्टरांना ते आठवत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. चांगलं होतं.

३ मार्च

शाळेच्या ओसरीवर टेबलं मांडली आहेत. आधी रक्त काढायचं, मग डॉक्टर मान चाचपतात, मग जहाजावरच्या पोलादी खोलीत बसवतात. तिथे यंत्र अंगातलं विष मोजतं. आत रेडिओ लावलेला असतो म्हणून म्हातारी माणसं दुसऱ्यांदा रांगेत घुसायला बघतात. नारळखेकडा अजूनही खायचा नाही, हे मला सगळ्यांना सांगायला लावलं. मी सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. रात्री कोण काय जेवणार हे मी विचारलं नाही.

राख पडली तेव्हा जे बेटावर होते त्यांची तपासणी वेगळी, आणि जे नंतर आले त्यांची वेगळी. माझी बायको नेइरूत दुसऱ्या बेटावरची, लग्न करून नंतर आली. म्हणून डॉक्टरांच्या भाषेत ती तुलनेसाठी आहे. 'कोणाशी तुलना?' असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याशी. ती म्हणाली, 'मग त्यात मी वाईट दिसायची काही भीती नाही.' तिची प्रकृती तशी उत्तम आहे. गेल्या पावसाळ्यात तिला मासा बाधला होता, आठवडाभर लिमेन आजीकडे पडून होती, तेवढंच. आजी बाळंतपणं करते, पण माशाचंही तिला कळत असावं.

दुपारी बायकांची तपासणी सुरू झाली आणि माझी पंचाईत झाली. डॉक्टर म्हणाले, 'हिला विचार, किती वेळा दिवस राहिले, किती मुलं जगली, किती गेली.' समोर बसली होती लोमिना, माझी मावसबहीण. आमच्यात मावसबहीण आणि सख्खी बहीण ह्यांत काही फरक नाही, चुलतबहीणही त्यातच आली. बहिणीसमोर असल्या गोष्टी काढत नाहीत. दुसऱ्या कोणी काढल्या तर भावाने उठून चालू लागायचं असतं. मीही उठलो असतो, पण मी उठलो तर दुभाष्याचं काम कोण करणार?

म्हणून मी लोमिनाला विचारलं, 'बरी आहेस ना?'

'बरी आहे,' ती म्हणाली.

मी डॉक्टरांना सांगितलं, 'बरी आहे. तसलं काही झालेलं नाही.'

एकदा वाट सापडली की पाय आपोआप पडतात. संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या बहिणी बऱ्या निघाल्या. लाबोन इतकी वर्षं हे कसं निभावत होता असं मनात आलं. तो माझ्या थोरल्या मावशीचा मुलगा, त्याच्याही ह्याच बहिणी. त्याला काही अडचण आल्याचं ऐकलं नाही.

सगळ्यात शेवटी लितारी आली, माझी सख्खी धाकटी बहीण. नियमाप्रमाणे मी तिच्याकडे बघत नाही, ती माझ्याकडे बघत नाही. मी विचारलं, 'बरी आहेस ना?' तिने चटईची एक काडी उपटली. मग म्हणाली, 'दादाला जे सांगायचं असेल ते त्याने सांगावं.' बरी आहे, असं मी सांगितलं. हल्ली ती फार सैल झगे घालते. अंगाने भरली आहे, खाणंपिणं चांगलं चाललेलं दिसतं.

५ मार्च

आज रोसिना आणि बेला होत्या, तितुस मामाच्या मुली. मामेबहिणींचं सगळं वेगळं. त्यांच्याशी लग्न होऊ शकतं, त्यामुळे त्यांच्याशी वाटेल ते बोलायला मोकळीक असते, आणि रोसिना त्या मोकळिकीत काही कमी ठेवत नाही.

डॉक्टरांनी प्रश्न विचारला, मी तसाच्या तसा आमच्या भाषेत केला. ती म्हणाली, 'अगंबाई! एवढी वर्षं गेल्यावर आज विचारतोय! हेच तेव्हा विचारलं असतंस तर आज तुझ्या घरात चार मुलं नसती खेळली?' बाहेरच्या बायका खो खो हसल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, आठवून सांगते म्हणाली.

मग तिने आठवून सांगितलं. हसू आवरलं आणि सांगितलं. दोन गेली. एक वेळेआधी. दुसरं पूर्ण दिवसांचं होतं, पण त्याला हाडं नव्हती. लिमेन आजीने चटईत गुंडाळून नेलं. 'मला बघू देत नव्हती,' रोसिना म्हणाली, 'पण मी बघितलं.' मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. बेलाचंही एक गेलं होतं, तेही सांगितलं. मामेबहिणींचं ऐकायला हरकत नसते. तरी दुपारचं जेवण मी कुत्र्याला घातलं.

६ मार्च

डॉक्टरांनी आज एक चांगली बातमी दिली. परतीच्या वाटेवर जहाज माजुरोला थांबणार आहे आणि जहाजावर एक पलंग मोकळा आहे. एखादी बाई गरोदर असेल आणि तिला आधी तसा त्रास झाला असेल, तर तिला इस्पितळात नेऊन बाळंतपण होईपर्यंत तिथेच ठेवतील. बेटावर आमच्याकडे लिमेन आजी आहे आणि उकळतं पाणी आहे. रोसिना आणि बेलाला आता दिवस नाहीत. तेव्हा पलंग मोकळाच जाणार.

घरी आल्यावर नेइरूतला हे सांगितलं. ती नीरफणस भाजत होती.

'आणि लितारी?' ती म्हणाली.

'लितारीचं काय?'

'तिला पाचवा लागलाय.'

मी उठून बाहेर आलो. ती हातात चिमटा घेऊन माझ्या मागोमाग बाहेर आली. बायकांना हा नियम नाही, आणि असता तरी नेइरूतने पाळला नसता.

'पळ, पळ,' ती म्हणाली. 'एवढंसं बेट, पळून पळून जाशील कुठे? तिची तीन गेली. मागच्या खेपेला रक्त थांबेना, पहाट होईस्तोवर आम्ही सहाजणी धरून बसलो होतो. लिमेन आजीने हात जोडलेत. म्हणाली, पुन्हा अशी वेळ आली तर ही माझ्या हातून वाचायची नाही. ऐकलंस? का कानात पाणी गेलंय?'

मी म्हटलं, गेलंय.

खरं म्हणजे सगळं ऐकू आलं. इथे लिहितो कारण डायरी काही कोणाची बहीण नाही. मला भीती वाटते आहे. लितारी लहान असताना मी तिला खांद्यावर घेऊन बाहेरच्या, भर समुद्राकडच्या किनाऱ्यावर शंख वेचायला न्यायचो. मोठे झाल्यावर ते बंद झालं, ते रीतीप्रमाणेच झालं.

८ मार्च

डॉक्टर एकटे सापडले तेव्हा मी म्हटलं, 'तो पलंग एका बाईला द्या.'

'कोणाला?'

'लितारीला.'

'का?'

मी म्हटलं, 'ती चांगली बाई आहे.'

डॉक्टर हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, 'कालेप, तिने स्वतः तुझ्यामार्फत मला सांगितलंय की तिला कधी काही झालेलं नाही. आणि त्याआधी लाबोनमार्फतही तेच सांगितलंय. मी जहाजाच्या कप्तानाला काय सांगू, दुभाष्याची बहीण आहे म्हणून?' मग माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेले. मला वशिला लावणारा समजले. लावतच होतो म्हणा.

९ मार्च

आज चर्चच्या पटांगणात सगळ्यांना बोलावून डॉक्टरांनी सांगितलं की बायकांची प्रकृती एकंदरीत समाधानकारक आहे. मी भाषांतर केलं. बायकांच्या बाजूने काहीच आवाज आला नाही. एरवी एवढ्या बायका एवढा वेळ गप्प बसल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

फक्त एका कुटुंबात त्रास दिसतो, डॉक्टर पुढे म्हणाले, आणि त्याचं कारण शोधायला हवं. दुपारी ते फावडी घेऊन तितुस मामाच्या घरी गेले. रोसिना आणि बेला तिथेच राहतात ना. अंगणातली माती नेली, विहिरीचं पाणी नेलं, केवड्याची फळं नेली, डुकराचं मोजमाप घेतलं. नीरफणसाचं मोठं झाड आहे त्याच्याभोवती तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली: ह्या झाडाचं फळ खाऊ नये. पाटी मलाच आमच्या भाषेत लिहावी लागली. मामा ओट्यावर बसून बघत होता. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्याने काही कौतुक केलं नाही.

१० मार्च

मामाने बोलावलं. आमच्याकडे आईच्या भावाचा शब्द शेवटचा. जमीन आईकडून येते आणि बोलणी मामाकडून.

'माझ्या झाडाने काय पाप केलं?' मामा म्हणाला. 'माझ्या आजेसासऱ्याने लावलेलं झाड. अर्धं बेट त्याच्यावर जेवलंय. आता लोक माझ्या अंगणातून जाताना नाक धरतात.'

'डॉक्टर म्हणतात दोष फक्त ह्याच घरात आहे.'

'फक्त ह्याच घरात! राख काय माझा पत्ता विचारत आली होती? जा, लिमेनला विचार, बाहेरच्या किनाऱ्याला तिने किती खड्डे...' इथे मामाला एकदम खोकला आला.

'मामा, तुम्हाला कसं माहीत?'

'मला काय माहीत? मला काहीही माहीत नाही. मी पुरुषमाणूस आहे.'

मग आम्ही दोघेही समुद्राकडे बघत बसलो. बेटावरच्या एकाही पुरुषाला काही माहीत नाही, आणि त्या किनाऱ्याला एकही पुरुष गळ टाकायला जात नाही. मासळी तिथे चांगली आहे. मी आजवर समजत होतो की तिथे खडक फार आहेत म्हणून कोणी जात नाही.

निघताना मी म्हटलं, 'डॉक्टरांना खरं सांगायचं तर बहिणींना विचारावं लागेल.'

'बहिणींना विचारलंस तर ह्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही,' मामा म्हणाला. 'नुसतं सांग की झाड चांगलं आहे.'

११ मार्च

डॉक्टरांना सांगितलं की झाड चांगलं आहे. त्यांनी विचारलं, मग त्रास ह्याच घरातल्या बायकांना का? मी म्हटलं, कारण ह्याच घरातल्या बायका माझ्या मामेबहिणी आहेत.

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. मावसबहीण कोण, चुलतबहीण कोण, मामेबहीण कोण, कोणासमोर काय बोलायचं नाही. त्यांना बराच वेळ लागला.

'मग त्या बायकांना तू विचारलंस तरी काय?'

'बरी आहेस ना, असं.'

'फक्त एवढंच?'

'हो.'

'आणि लाबोन?'

'लाबोन माझ्यापेक्षा कडक आहे. त्याने तेवढंही विचारलं नसेल.'

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पायरीवर बसले आणि म्हणाले, 'इतकी वर्षं मी घरी जाऊन सांगतोय की इथल्या बायका बऱ्या आहेत.' मीही शेजारी बसलो. आणि विचारलं, मामाचं कुंपण काढणार का.

मग पलंगाचं विचारलं. नेइरूतने लितारीबद्दल सांगितलं तर चालेल का? किंवा तिने चटईच्या आडून विचारलं आणि मी डोळे मिटून ऐकलं तर? डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचं ऐकून एकीला नेलं तर उद्या प्रत्येक घरातून कोणीतरी कोणासाठी सांगत येईल, आणि कप्तान तर आधीच कटकट करतोय. तिने स्वतः माझ्यासमोर बसून सांगायला हवं आणि तू ते मला सांगायला हवंस. सोमवारी सकाळी जहाज सुटणार. उद्या दिवसभर रक्ताच्या बाटल्या भरायच्या, रविवारी इथे काडीसुद्धा हलत नाही. म्हणजे शनिवार.

एका बाजूला बहिणीचा जीव आणि दुसऱ्या बाजूला बहिणीची लाज, आणि दोन्ही राखायची जबाबदारी रीतीप्रमाणे माझ्यावरच. हे ज्याने ठरवलं त्याला बहीण नसावी.

१२ मार्च

लितारी घरी आली. भाऊ घरात असताना लग्न झालेली बहीण आत येत नाही. तिला काही द्यायचं असलं तर दारात ठेवते आणि माझ्या कुत्र्याला सांगते, 'तुझ्या धन्याला सांग, मासा ताजा आहे.' कुत्र्याला आमच्या घरात बराच मान आहे.

आज तिने कुत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आत आली आणि नेइरूतशेजारी बसली.

'दादा,' ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा मला हाक मारली असेल. 'उद्या मला विचार.'

मी म्हटलं, 'मामा काय म्हणाला ठाऊक आहे ना?'

'ठाऊक आहे. मामाला घरात भाचा नको असेल, तर मला पोटात मेलेलं नको आहे. आणि मला मरायचंही नाहीये, दादा.'

मी भिंतीकडे तोंड केलं. नेइरूत म्हणाली, 'अरे, ती तुला दगड उचलायला सांगत नाहीये. तोंड उघडायला सांगतेय.'

'मी विचारलं तर तू सांगशील?' मी भिंतीला विचारलं.

'तू ऐकशील तर सांगेन.'

१३ मार्च



शाळेच्या खोलीत आम्ही तिघेच. लितारी चटईवर, डॉक्टर खुर्चीवर, मी मध्ये. डॉक्टर म्हणाले, 'ती म्हणते, ती म्हणते, असं करू नकोस. ती जे बोलेल ते जसंच्या तसं सांग. ती “मी” म्हणाली तर तूही “मी” म्हण.' मी त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर नजर ठेवली आणि प्रश्न विचारला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला विचारलं की तिची किती मुलं गेली.

ती बोलायला लागली. मला वाटलं होतं हळू बोलेल. पण तिने सगळं नीट, खणखणीत सांगितलं. आणि मी इंग्रजीत म्हणालो: माझं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. माझं दुसरं पूर्ण दिवसांचं होतं. त्याला चेहरा नव्हता. त्याचं अंग पारदर्शक होतं, आत काहीतरी हलत होतं ते दिसत होतं, थोडा वेळ हलत होतं. मी त्याला हात लावला. माझं तिसरं मुलगा होता, दिसायला अगदी चांगला होता, पण त्याने श्वास घेतला नाही. मग माझं रक्त थांबेना. मी कोणाला सांगितलं नाही, कारण विचारणारे सगळे माझे भाऊ होते.

हे शेवटचं वाक्य मी मध्येच सोडलं. डॉक्टर थांबले. मी पाणी प्यायलो आणि वाक्य पुन्हा म्हटलं, कारण अर्धवट सांगितलं होतं. लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली. पण लाजेहून कितीतरी जास्त दुःख झालं. तीन भाचे होते मला, आणि मी त्या तिन्ही वेळा होडी दुरुस्त करत बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, 'तिला सांग, पलंग तिचा आहे.' मी सांगितलं. लितारीने मान हलवली आणि उठली. दारातून जाताना माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. बहिणीने भावाच्या डोक्याला हात लावायचा नसतो. आता इतकं झाल्यावर त्याचं काय मोठंसं.

मी उठायला लागलो तर डॉक्टर दाराकडे बघत होते. बाहेर उन्हात बायका बसल्या होत्या. लोमिना होती, तिच्या दोघी बहिणी होत्या, चर्चमध्ये गाणी म्हणणाऱ्या सगळ्या होत्या. ३ तारखेला ज्या ज्या मला 'बरी आहे' म्हणाल्या होत्या, त्या सगळ्या रांगेत बसल्या होत्या. लोमिना पुढे झाली आणि म्हणाली, 'आता मला विचार, कालेप. आणि बरी आहेस ना म्हणालास तर चप्पल फेकून मारेन.'

डॉक्टरांनी सांगितलं की पलंग एकच होता, तो दिला. मी ते बाहेर सांगितलं. लोमिना म्हणाली, 'पलंग कोणाला हवाय? माझी दोन गेली ती त्याला माहीत नाहीत. ती त्याने माहीत करून घ्यावीत.'

सूर्य खाली जाईपर्यंत मी 'मी' म्हणत राहिलो. माझं गेलं, माझं गेलं, माझं गेलं. डॉक्टर मध्येच उठून मागच्या बाजूला गेले आणि चेहरा धुऊन आले.

रांगेच्या टोकाला नेइरूत बसली होती. मी म्हटलं, तू कशाला? डॉक्टरही म्हणाले, ही तर तुलनेची. ती चटईवर बसली आणि मला म्हणाली, 'त्याला सांग, मी इथलंच खाते, इथलंच पिते.' मग म्हणाली, 'गेल्या पावसाळ्यात मला मासा बाधला नव्हता, कालेप.'

हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही. डॉक्टरांना बहुतेक कळलं.

१४ मार्च

रविवार. चर्च. मामा माझ्या बाकावर बसला नाही. नेइरूतने मला विचारलं, रागावलास का. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'आजीकडून घरी आले त्या दिवशी तू एवढंच विचारलंस, बरी आहेस ना?' दोघेही रडलो. शेजारच्यांना वाटलं प्रवचन चांगलं झालं.

१५ मार्च

जहाज गेलं. लितारी डेकवर चटई पसरून बसली होती. सगळ्या बायकांनी किनाऱ्यावर गाणं म्हटलं. मी दूर, होड्यांपाशी उभा होतो.

जायच्या आधी मामाच्या झाडाचं कुंपण काढलं. झाड चांगलं ठरलं म्हणून नव्हे. आता त्या हिशोबाने बेटावरच्या प्रत्येक झाडाला कुंपण घालावं लागलं असतं, आणि तेवढी तार जहाजावर नव्हती.

२ मे

मामा अजून बोलत नाही. वाटेत दिसला की वाट बदलतो. एवढ्याशा बेटावर वाटा फार नाहीत, त्यामुळे त्याला पुष्कळ चालावं लागतं. काल रोसिनाच्या हाती त्याच झाडाचा एक नीरफणस पाठवला. निरोप काही नव्हता. आम्ही खाल्ला. दुसरं खायचं काय?

२२ जुलै

संध्याकाळी शाळेपाशी रेडिओ लावतात. माजुरोहून लोकांचे खाजगी निरोप वाचून दाखवतात, कोणाचा भाऊ कोणत्या बोटीने येतोय, कोणाचं पोट दुखतंय. सगळं बेट गोळा होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. गेले तीन आठवडे मी रोज जातो आहे. बातम्या ऐकायला, असं सगळ्यांना सांगितलं आहे.

आज निवेदक म्हणाला, 'एनेरिकसाठी निरोप. लितारी इस्पितळात बाळंत झाली. मुलगी.' एवढ्यात खरखर सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मग खरखर थांबली तेव्हा दुसऱ्याच बेटावरच्या कोणाच्या तरी डुकराबद्दल चाललं होतं.

बायकांच्या बाजूला एकही हलली नाही. पुरुषांच्या बाजूला सगळ्यांनी रीतीप्रमाणे तोंडं समुद्राकडे वळवली. लितारीचे भाऊच ना सगळे. कोणीच काही ऐकलं नव्हतं. लितारीचा नवरा जोरुक तेवढा उभा राहिला होता आणि रेडिओला दोन्ही हातांनी हलवत होता.

मग माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. तितुस मामा होता. समुद्राकडेच बघत होता. मार्चनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

'तुझे कान चांगले आहेत,' तो म्हणाला. 'पुढे काय म्हणाला तो? पोर रडते का?'

बायकांनी माना वळवल्या. लोमिनाने ऐकलं, लिमेन आजीने ऐकलं, नेइरूत माझ्याकडे बघत होती. जोरुकनेही रेडिओ खाली ठेवला.

मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. म्हटलं, मुलगी रडते, चांगली जोरात रडते, सगळं इस्पितळ वैतागलंय, आणि लितारी बरी आहे.

रेडिओवर ह्यातलं काहीच म्हणाले नव्हते.